राय अजून पोचले नाहीत! नाताळ नेमका संपतो कधी?

चिंचपेटी

गोव्यात बदली होऊन दोन वर्षं झाली. आधी पहिल्या वर्षीची फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

मडगावजवळ आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकीणबाई एकट्याच असतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. आम्ही त्यांना आंटी म्हणतो. डिसेंबरात त्यांनी व्हरांड्यात येशूजन्माचा भलामोठा गोठा मांडला. गवताचं छप्पर, मातीची टेकडी, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि सगळीकडे कोवळी, हिरवीगार नाचणी. ती त्यांनी पसरट ताटात आधीच पेरून ठेवली होती. मी मूळची मिरजेची. बघताक्षणी म्हणाले, "आंटी, हे तर आमचे नवरात्राचे घट!" त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुला पाणी मारायला येत असेल." झालं, रोज सकाळी नाचणीवर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आलं.

दोन जानेवारीला मला सुट्टी होती आणि आंटींचा गुडघा दुखत होता. म्हटलं मदत करू, चांदणी आणि दिव्यांच्या माळा उतरवून खोक्यात भरून ठेवू. आमच्याकडे तुळशीचं लग्न झालं की आकाशकंदील माळ्यावर जातो, त्याच हिशेबानं. स्टुलावर चढून चांदणीची एक गाठ सोडवली आणि आतून आवाज आला, "अगे, खंय व्हरता तें? राय अजून पावूंक नात!"

मला वाटलं, राय आडनावाचे कुणी पाहुणे यायचेत. मी साळसूदपणे विचारलं, "कितीच्या गाडीनं येतायत?" आंटी खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. शोकेसमध्ये, काचेच्या पेल्यांच्या मागे, तीन मातीचे राजे आणि एक उंट. उंटाचा मागचा पाय एमसीलनं चिकटवलेला. राय म्हणजे राजे. चोवीस तारखेला ते स्वयंपाकघरात फ्रिजवर होते, तिथून रोज थोडे थोडे सरकत शोकेसपर्यंत आले होते. पुढचा मुक्काम टीव्हीवर, मग दाराच्या उंबऱ्याशी आणि सहा तारखेला सकाळी गोठ्यात बाळापुढे. तोवर चांदणीला हात लावायचा नाही. "चांदणी काढली तर त्यांना वाट कोण दाखवणार?"

त्या सहा तारखेला आंटी आम्हाला त्यांच्या माहेरी, कासावलीला घेऊन गेल्या. तिथे जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. कासावली, आरोशी आणि कुएली अशा तीन गावांतून तीन शाळकरी मुलं राजे होतात. मखमली झगा, डोक्यावर मुकुट, बसायला खरा घोडा. तिघं तीन वेगवेगळ्या वाटांनी कुएलीची टेकडी चढतात आणि माथ्यावरच्या रेमेदियुश मातेच्या कपेलाशी, म्हणजे छोट्या चर्चशी भेटतात. तिथे मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य प्रार्थना होते. उतरताना तिघं बरोबर, खाली कासावलीच्या सेंट थॉमस चर्चपर्यंत. बँड वाजत असतो. आमच्या जवळून गेलेल्या राजाचा मुकुट सारखा भुवईवर घसरत होता. त्याची आई घोड्याबरोबर जवळजवळ पळतच चालली होती. शेवटी तिनं कमरेचा रुमाल काढला, घडी केली आणि मुकुटाच्या आत खोचून दिला. मग राजेसाहेब परत ताठ बसले.

आता प्रश्न. मला आजवर नाताळ म्हणजे पंचवीस डिसेंबर एवढंच ठाऊक होतं. हा सहा जानेवारीचा सण नेमका कशाचा? आणि नाताळ संपतो कधी? तुमच्याकडे काय करतात तेही लिहा. मला ऐकायचंय.

निर्मळतळं

चिंचपेटी, "कितीच्या गाडीनं" वाचून ऑफिसात फुटलो.

मी वसईचा, कॅथलिक. या सणाचं इंग्रजी नाव एपिफनी, मूळ शब्द ग्रीक, अर्थ प्रकट होणं. बाळ येशू पहिल्यांदा आपल्या माणसांना सोडून परक्यांना दिसला, तो हा दिवस. गोठ्यात आधी आले ते जवळपासचे मेंढपाळ. मागी, म्हणजे तुमच्या आंटींचे राय, आले पूर्वेकडून, कुठल्या तरी लांबच्या देशातून. ते ना त्या धर्माचे, ना त्या जातीचे, ना त्या भाषेचे. आकाशातला एक तारा बघून निघालेले. म्हणून आमचे फादर दरवर्षी सांगतात की पंचवीस तारीख घरच्यांची आणि सहा तारीख बाहेरच्यांची.

आमच्याकडे आता हा सण सहालाच होतो असं नाही. भारतात बहुतेक ठिकाणी २ ते ८ जानेवारीच्या मधल्या रविवारी त्याची मिस्सा होते, कारण सहा तारखेला सुट्टी नसते. गोव्यात जिथे राजांची जत्रा आहे तिथे मात्र सहा म्हणजे सहाच.

संपतो कधी, याला तीन उत्तरं आहेत. लोकांच्या लेखी बारा दिवस, म्हणजे राजे येईपर्यंत. चर्चच्या पंचांगात त्यानंतर येशूच्या बाप्तिस्म्याचा सण होईपर्यंत. आणि जुन्या वळणाची माणसं २ फेब्रुवारीपर्यंत गोठा ठेवतात, कारण त्या दिवशी जन्माला चाळीस दिवस भरतात आणि मरिया बाळाला मंदिरात घेऊन जाते. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. माझी आजी तिसऱ्या पक्षातली होती. फेब्रुवारीत आमच्या गोठ्यातल्या गवताला मुंग्या लागायच्या तरी ती हलवू द्यायची नाही.

तिखटमीठ

वाचतेय. चाळीस दिवस म्हणजे आपल्याकडचा बाळंतिणीचा सव्वा महिनाच की!

निर्मळतळं

@तिखटमीठ, अगदी तेच. यहुदी नियमाप्रमाणे मुलगा झाला की आईची शुद्धी चाळिसाव्या दिवशी. मूळ कल्पना तीच.

अभंगवाट

मी नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. आमच्या पंथात सहा जानेवारीला वेगळं काही नसायचं, पण मागी लोकांशिवाय नाताळच्या कार्यक्रमाचं पानही हलायचं नाही. दरवर्षी संडे स्कूलचं नाटक, त्यात तीन मागी ठरलेले. मी दुसरीत असताना एक मुलगा ऐनवेळी गोवर येऊन आडवा झाला आणि मला मिशी काढून उभं केलं. आईची जरीची शाल, सोनेरी कागदाचा मुकुट. मराठी बायबलात तीन भेटी आहेत: सोने, ऊद व गंधरस. सोनं म्हणून आईच्या दागिन्यांची रिकामी डबी. ऊद मिळाला, कारण शेजारच्या दर्ग्याबाहेर विकायचे. गंधरस म्हणजे काय ते बाईंनाही माहीत नव्हतं. माझ्या हातात दिवाळीचं उरलेलं उटणं दिलं. मी "हा गंधरस" म्हणून गव्हाणीपुढे ठेवलं आणि नेमकी शिंकले.

एक भाषेची गंमत. "प्रकटीकरणाचा सण" असं मराठीत लिहिलेलं मी वाचलंय, पण आमच्या लोकांना ते वाचलं की बायबलातलं शेवटचं पुस्तक आठवतं, कारण त्याचं मराठी नाव "प्रकटीकरण" आहे. त्यात जगाचा शेवट, सात शिक्के, घोडेस्वार. त्यामुळे एकदा आमच्या पाळकांनी "येत्या रविवारी प्रकटीकरण" असं जाहीर केलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी "अरे देवा" म्हटलेलं मला आठवतं.

तीन राजांचा सण हेच नाव बरं.

काढाकषाय

अभंगवाट ताई, गंधरस तुमच्या घरातच होता, फक्त नाव वेगळं. तोच आपला हिराबोळ. आमच्या दुकानात बाळंतिणीच्या सामानाची यादी घेऊन येणारी बाई आजही हिराबोळ मागते. लालसर तपकिरी, ओबडधोबड खडे, चव जहर कडू, वास मात्र गोडसर आणि जरासा औषधी. सोमालिया आणि अरबस्तानच्या कोरड्या माळांवरच्या काटेरी झाडाचा तो चीक. आपला गुग्गुळ त्याच कुळातला, सख्खा चुलतभाऊ म्हणा. काळा बोळ मात्र वेगळा. तो कोरफडीचा आटवलेला रस. गिऱ्हाइकं घोळ घालतात म्हणून सांगून ठेवतो.

ऊद या शब्दानं मात्र गोंधळ होतो. अरबीत ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपल्याकडे ऊद म्हणून विकलं जातं ते बहुतेकदा लोबान. आणि मागी लोकांनी नेला तो या दोन्हींपैकी नाही. तो ओमान, येमेनकडच्या झाडाचा डिंक. त्याची भारतीय बहीण म्हणजे सालई. सातपुड्यात, मेळघाटात सालईची झाडं आहेत, कागदासारखी साल सुटते ती. सालईचा डिंक निखाऱ्यावर टाका. चर्चमधल्या धुपाचा वास साधारण तसाच.

भेटींचा अर्थ असा सांगतात: सोनं राजासाठी, धूप देवासाठी आणि बोळ मरणासाठी, कारण त्या काळी प्रेताला बोळ लावत. पुढे येशूला पुरतानाही गंधरस आणि अगरू आणल्याचं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पाळण्यातल्या पोराला कुणी मर्तिकाचं सामान देतं का, असं आमच्या मातोश्री म्हणाल्या. मी म्हटलं, आई, तूच तर प्रत्येक बाळंतिणीला देतेस. त्यावर त्या गप्प. (हे क्वचितच घडतं.)

तिखटमीठ

काढाकषाय __/\__

गुरुशनी

बायबलात "तीन" कुठेच नाही, "राजे" पण नाही. मत्तयनं फक्त पूर्वेकडून आलेले मागी एवढंच लिहिलंय. भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली. स्तोत्रांत आणि यशयात राजे भेटी घेऊन येतील अशा ओळी आहेत, त्यावरून पुढे त्यांना मुकुट चढले. गास्पार, मेल्कियोर, बाल्ताझार ही नावं त्याहून नंतरची.

मागी हे मुळात इराणचे धर्मगुरू, आकाश वाचणारे. पारशी धर्मगुरूंना मोबेद म्हणतात, तो शब्दही "मागू" याच मुळातला. म्हणजे मुंबईच्या अग्यारीतले मोबेद आणि गोठ्यातले राजे एकाच शब्दाच्या पोटातले.

ताऱ्याबद्दल माझा आवडता किस्सा. खगोलशास्त्रज्ञ केपलरनं १६०३च्या डिसेंबरात गुरू-शनीची युती पाहिली आणि मागं गणित करत गेला. इसवी सनापूर्वी ७ मध्ये हे दोघे मीन राशीत एकाच वर्षात तीनदा जवळ आले होते. तेव्हापासून बेथलेहेमचा तारा म्हणजे हीच युती असं मानणारे बरेच आहेत. २१ डिसेंबर २०२० ला हीच जोडी इतकी जवळ आली की नुसत्या डोळ्यांना एकच ठिपका वाटत होता. मी पुण्यात गच्चीवर दुर्बीण लावली होती. सोसायटीतले काका येऊन "ही युती कुणाला बाधते?" विचारून गेले.

दुसरी गोष्ट चित्रकार जोत्तोची. १३०१ ला हॅलेचा धूमकेतू दिसला. त्यानंतर काही वर्षांनी इटलीतल्या पादुआच्या कपेलात त्यानं मागींचं चित्र काढलं, त्यात गोठ्यावर तारा नाही, शेपटीवाला धूमकेतूच आहे. म्हणून १९८६ ला हॅलेजवळ गेलेल्या युरोपीय यानाला जोत्तोचंच नाव दिलं होतं.

रोखठोक१२

माफ करा, पण हे घोडे, मुकुट, राजे वगैरे पोर्तुगीजांनी आपली राजसत्ता गोव्याच्या माथी मारायला आणलेलं नाटक आहे. त्याचं एवढं कौतुक कशाला?

मांडवीपार

@रोखठोक१२, पोर्तुगीजांनी काय काय लादलं ते मी गोंयकार असल्यामुळे तुमच्यापेक्षा बरंच ऐकलंय, घरातलं ऐकलंय. पण नाटकातल्या राजाचं कौतुक आपण करतो म्हणून लगेच सत्तेला मुजरा होत नाही. एकदा कासावलीला किंवा चांदरला जाऊन बघा कोण कुणाला मुजरा करतं. घोड्यावर बसलेला पोरगा खाली उतरून बाळापुढे गुडघे टेकतो. जत्रेचा सगळा खेळ तिथेच आहे.

बाकीच्यांसाठी थोडी माहिती. तीन जागा लक्षात ठेवा. कासावली वर आलीच. दुसरी चांदर. तिथल्या चर्चचं नावच बेथलेहेमची माता. चांदर, कावोरी आणि गिरदोली असे तीन गावचे तीन मुलगे घोड्यावरून येतात. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांच्या काळचं राजधानीचं गाव. पर्यटक तिथला ब्रागांझांचा वाडा बघून परत जातात, सहा तारखेला गेलात तर चर्चपुढच्या मोकळ्या जागेत थांबा.

तिसरी जागा मराठी लोकांना किल्ला म्हणूनच माहीत असते. रेइश मागुश. पणजीहून मांडवीपलीकडे दिसतो तो लालसर किल्ला. रेइश मागुश म्हणजे पोर्तुगीजमध्ये मागी राजेच, गावाला नाव चर्चवरून पडलंय. किल्ला १५५१चा, चर्च १५५५चं, फ्रान्सिस्कन साधूंचं. बोटीनं नवा व्हाइसरॉय आला की राजधानीत शिरण्याआधी इथे मुक्काम करायचा. १९९३पर्यंत किल्ल्यात तुरुंग होता, २०१२ला दुरुस्ती होऊन लोकांसाठी उघडला. लोक किल्ल्यावर फोटो काढतात आणि खालच्या चर्चच्या जिन्यावरून तसेच निघून जातात. आत जाऊन मुख्य वेदी बघा. लाकडात कोरून रंगवलेले तिघे राजे भेटी घेऊन उभे आहेत. माझा आजा म्हणायचा, गोव्यात राजे बरेच आले, पण भेट घेऊन आलेले एवढे तिघंच.

तिखटमीठ

आजोबांना दंडवत.

ऱ्हाईनकाठी

चिंचपेटी, तुमच्या जोडीला माझी फजिती.

आम्ही जर्मनीत कोलोनला राहतो. पहिल्या जानेवारीत तीन-चार मुलं दारात आली, कागदी मुकुट, खांद्यावर पडदा, एकाच्या हातात काठीवर तारा. गाणं म्हटलं, डबा पुढे केला. मी पाच युरो टाकले, बायकोनं चॉकलेटं दिली. दुसऱ्या दिवशी ती बघते तर दाराच्या चौकटीवर खडूनं आकडे आणि अक्षरं! तिला वाटलं, पोरांनी रेघोट्या मारल्या. ओल्या फडक्यानं लख्ख पुसून टाकलं. शेजारच्या आजी जिन्यातून बघत होत्या. त्यांचा चेहरा असा झाला की आम्ही दारावरचं स्वस्तिक पुसलं असतं तर आपल्या आजीचा झाला असता.

नंतर कळलं. दोन्ही टोकांना त्या वर्षाचे आकडे आणि मधे सी, एम, बी ही अक्षरं, क्रुसांसकट. लोक म्हणतात ती तिघांच्या नावांची आद्याक्षरं. चर्च म्हणतं ते लॅटिन वाक्य आहे: ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. ते वर्षभर ठेवायचं असतं. डब्यातले पैसे जगभरातल्या गरीब मुलांसाठी जातात, १९५९पासून हे संघटितपणे चालू आहे. पूर्वी एका मुलाचं तोंड काळं रंगवायचे, आता त्यावर बरीच टीका होते आणि बहुतेक ठिकाणी बंद झालंय.

आणि तिघांची हाडं इथेच आहेत बरं का, म्हणजे तशी श्रद्धा आहे. ११६४ला मिलानहून आणली. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीमागे सोन्याची एवढी मोठी पेटी आहे की लांबून छोटं देऊळच वाटतं. ते कॅथेड्रल बांधायला घेतलं त्यामागेही या अवशेषांना बघायला येणारी यात्रेकरूंची गर्दी होती. शहराच्या चिन्हावरचे तीन मुकुट त्यांचेच. गंमत म्हणजे एवढं असून सहा जानेवारीची सुट्टी आमच्या राज्यात नाही, बायर्नवाल्यांना आहे. चांगलीच खुपते.

नाणेवाला

गास्पार या नावामागे भारताशी जोडलेला एक धागा आहे. अनेक अभ्यासकांच्या मते हे नाव गोंडोफारेस या राजाच्या नावावरून घडत आलं. तक्षशिलेच्या बाजूचा इंडो-पार्थियन राजा, इसवी सनाचं पहिलं शतक. त्याची नाणी खरोष्ठी लिपीत "गुदफर" अशी मिळतात. संत थॉमसची जी जुनी सिरियाक कथा आहे, तिच्यात थॉमस सुतार म्हणून याच राजाकडे येतो, राजवाडा बांधायचे पैसे घेतो आणि गरिबांना वाटून टाकतो. आता कासावलीचं चर्च सेंट थॉमसचं आणि तिथे येणारा एक राजा गास्पार. योगायोगच, पण मला मजा वाटली.

कुळथाचं_पिठलं

केरळकडचं लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं त्रिशूर जिल्ह्यात होते. इरिंजालकुडाला जानेवारीत पिंडी पेरुन्नाळ असतो, तो याच सणाचा. पिंडी म्हणजे केळीचा खांब. आपण सत्यनारायणाला दोन बाजूंना उभे करतो ना, तसाच, पण अंगणात मधोमध रोवतात आणि सगळ्या अंगानं दिवे लावतात. पूर्वी पणत्या खोचायचे, आता विजेच्या माळा असतात. कुणाची पिंडी उंच यावरून चढाओढ. त्यांच्यात राजे नाहीतच. तिथल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेत सहा जानेवारी म्हणजे येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा. सणाचं नाव दनहा, अर्थ उदय. म्हणून दिवे.

शेजारच्या चेच्चीनं (म्हणजे ताईनं) मला सांगितलं होतं की पूर्वेकडच्या चर्चमध्ये हा दिवस पंचवीस डिसेंबरपेक्षा जुना आहे. नंतर वाचलं तर खरंच निघालं. पंचवीस डिसेंबरचा जुन्यात जुना लेखी उल्लेख रोमचा आहे, ३३६ सालचा. पूर्वेकडे त्याच्या आधीपासून सहा जानेवारी. आर्मेनियन लोक आजही जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही सहालाच करतात.

निर्मळतळं

@कुळथाचं_पिठलं, छान माहिती. म्हणजे "नाताळ कधी संपतो" या प्रश्नाला आर्मेनियन उत्तर: सहा तारखेला सुरू होतो.

ल्योनकर

फ्रान्समध्ये सण पूर्णपणे पोटात गेलाय. जानेवारीभर बेकरीत राजांचा गोल केक, खरं तर पापुद्रे सुटलेली खारी आणि आत बदामाचं सारण. आत एक चिनी मातीचं इवलंसं बाहुलं लपवतात. ज्याच्या तुकड्यात येईल तो राजा, कागदी मुकुट त्याला. लबाडी होऊ नये म्हणून घरातलं सगळ्यात धाकटं पोर टेबलाखाली बसतं. एक जण तुकड्यावर सुरी ठेवून विचारतो "हा कुणाला?" आणि खालून आवाज येतो. आमच्या ऑफिसात वयानं धाकटा मीच, त्यामुळे पस्तिसाव्या वर्षी मी टायसकट टेबलाखाली बसलो. बाहुलं टीमलीडरला द्यायचं होतं, दाढेखाली आलं मलाच. नियम असा की ज्याला बाहुलं मिळेल त्यानं पुढच्या आठवड्याचा केक आणायचा. जानेवारीत पाच सोमवार होते.

रोखठोक१२

मांडवीपार, गुडघे टेकण्याचा मुद्दा मान्य. वरचं वाक्य जरा जास्त झालं. यंदा गोव्यात असेन तर बघतो.

चिंचपेटी

बाप रे, चार दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार. आंटींना प्रतिसाद वाचून दाखवले. मांडवीपार यांच्या आजोबांचं वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. कोलोनची सोन्याची पेटी ऐकून म्हणाल्या, "म्हणजे ते तिथे थांबले होय? म्हणून दर वर्षी उशीर होतो."

हिराबोळाबद्दल ऐकल्यावर त्या गप्प झाल्या आणि आतून एक जुनी काचेची बाटली घेऊन आल्या. तळाशी तपकिरी खडे. सासूबाईंनी थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला आणलेला, म्हणाल्या. ती लेक आता पन्नाशीची, लिस्बनला असते. वास अजून होता. यंदा एक खडा राजाच्या हातात ठेवायचा असं ठरलंय, पण त्या मातीच्या राजाची पेटी उघडत नाही, तेव्हा उंटाच्या पाठीवर चिकटवू म्हणते. एमसील आहेच.

आणि खाण्याचं राहिलं. कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या परातीतून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका सगळ्या आळीत पंचवीसला वाटून होतात. पण नारळ-रव्याच्या बोलिन्यांचा एक डबा आंटी कपाटात, चादरींच्या मागे ठेवतात. तो सहालाच उघडतो. पहिल्या वर्षी मला वाटलं विसरल्या, म्हणून आठवण करून दिली. त्याही वेळी तेच ऐकून घेतलं, "राय पावूंक नात."

तिखटमीठ

आता पुढच्या प्रतिसादात बोलिन्यांची कृती टाका, नाहीतर धाग्याला अर्थ नाही.

पायपीट

कामाचं विचारतो. सहा तारखेला पुण्याहून येतोय, मुलगी सात वर्षांची. कासावलीला मडगावहून कसं जायचं? गाडी तिथे लावायला जागा मिळते का?

मांडवीपार

@पायपीट, गाडी आणूच नका, रस्ते अरुंद आणि त्या दिवशी माणसांनी भरलेले. मडगाव-वास्को लोकलनं कासावली स्टेशनला उतरा. सकाळी लवकर पोचा, तीन वाटांपैकी एकच निवडा आणि तिच्या कडेला उभे राहा. तिन्ही राजे बघायला धावलात तर एकही नीट दिसणार नाही. टेकडीवर ऊन लागतं, टोपी आणि पाणी घ्या.

पायपीट

धन्यवाद. मुलगी विचारतेय, घोड्याला हात लावू देतील का?

चिंचपेटी

आंटी म्हणतात, राजाच्या आईला विचारा. रुमालवाली.